कणीक झाली का, रजनी?

चार बायका सकाळपासून दुपारपर्यंत एका चुलीपाशी उभ्या राहिल्या की रोट्या किती झाल्या ते सांगता येतं, किस्से किती झाले ते सांगता येत नाही. रोट्या लोक खाऊन टाकतात. किस्से कोणी वाढून घेत नाही, ते आपल्याच डोक्यात मटक्याच्या काजळीसारखे थरावर थर चढत राहतात. मी दोन-चारदा ठरवलं की हे सगळं घासून टाकावं. निघत नाही. मग म्हटलं, लिहून तरी काढावं.

आधी ओळख. आम्ही नागपुरात लंबी रोटी करतो. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. कणीक सैल असते, पण आपटून आपटून अशी चिवट केलेली की हातावरून ओघळते, तुटत नाही. ती दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत लांब करायची आणि पेटत्या चुलीवर उपड्या ठेवलेल्या मटक्यावर टाकायची. लाटणं नाही, पोळपाट नाही. लग्नात, बारशात, कंपनीच्या जेवणात बोलावतात, आणि आम्ही मटके, परात, लाकडं टेम्पोत टाकून जातो.

विमल रोटी झुलवते. रजनी कणीक आपटते. गीता चूल पाहते. आणि मी सगळ्यांवर ओरडते. आधी झुलवायची मीच. खांदा गेला तेव्हा ओरडण्याचं काम घेतलं, त्याला खांदा लागत नाही. शाळेत मी गेले नाही. मंडपात पडलेल्या लग्नपत्रिका घरी आणून एकेक अक्षर लावत वाचायला शिकले, तेव्हा माझ्या लिहिण्यात मध्येच कुठे ‘आपल्या आगमनाने शोभा वाढेल’ असं काही आलं तर त्याचं कारण ते आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. गेल्या सीझनच्या पहिल्याच लग्नात, मटके उतरवता उतरवता विमल मला म्हणाली, “मावशी, तुले सांगून ठेवते. हा सीझन माझा शेवटचा. वर्धा रोडवरच्या हॉटेलवाल्यानं बोलावलं मले. एकटीनं उभं राहायचं, गिऱ्हाइकासमोर रोटी झुलवायची. कणीक तिथं मशीन करते.”

“मशीनच्या कणकीची लंबी रोटी होते का वं?”

“ते मले माहीत नाही. पण मशीनचं बटण दाबलं तं घर्र तरी करते. ही तं तेवढंही करत नाही.”

ही म्हणजे रजनी. ती दोन हात लांब बसून परात धूत होती. तिने परात धुतली.

मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, “जायचं तं जा. मी काय तुझ्या भरवशावर चूल मांडली का?” तोरा खरा होता, बोलणं खोटं. विमल गेली तर झुलवायला हात नाही, रजनी गेली तर झुलवायला कणीक नाही. दोघींपैकी एक हलली की चूल बंद. आणि चूल बंद झाल्यावर माझं काय होतं, ते मी लिहिणार नाही.

*

विमलचं असं आहे की तिचे हात तोंडावर चालतात. रोटी हातावर आली की जीभ सुटते. शेजारीण, नणंद, नळाचं पाणी, नवरीचा मेकअप, काहीही. लोकांना वाटतं बाई टवाळ आहे, कामात लक्ष नाही.

आमच्याच समाजातलं एक लग्न होतं. मंडप लहान, चूल कनातीच्या अगदी मागे. बुद्धवंदना सुरू झाली. एक वयस्कर गृहस्थ कनात बाजूला करून हात जोडून म्हणाले, “बाई, एवढी वंदना होऊ द्या, आवाज नको.” बोलणं रास्त होतं. विमलने तोंड बंद केलं.

पहिली रोटी हातावरच फाटली. दुसरी मटक्यावर पडताना फाटली. तिसरी तर तिच्या पायावर पडली. सात रोट्या गेल्या. विमलच्या डोळ्यांत पाणी, मला कळेना की हिला अचानक झालं काय. मग डोक्यात उजेड पडला. मी तिच्या कानाशी जाऊन म्हणाले, “मनातल्या मनात भांड.”

ती म्हणाली, “कोणाशी?”

“माझ्याशी.”

आठवी रोटी अशी उतरली की पलीकडची माणसं दिसावीत. वंदना संपेपर्यंत एकही फाटली नाही. ती मनात मला काय काय म्हणाली ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

*

रजनीचं याच्या उलट. ती कणीक आपटायला बसली की तिला काहीही विचारा, उत्तर नाही. मान वर नाही. ‘हूं’ नाही. विमल मटक्यापाशी रिकाम्या हाताने उभी आणि मागे वळून विचारते, “कणीक झाली का, रजनी?” उत्तर नाही. “अवं रजनी, झाली का?” नाही. चौथ्यांदा विचारलं की रजनी एक क्षण थांबते, कणकीकडे बघते, आणि पुन्हा आपटायला लागते. मग तर कणीक आणखीनच उशिरा येते.

विमल म्हणायची, “मुद्दाम करते, घमेंडी.” मीही तेच म्हणायची. मोठ्याने म्हणायची.

एकदा नवरदेवाचा काका चुलीपाशी आला. घामाघूम झालेला. रजनीला विचारलं, “बाई, प्यायचं पाणी कुठं ठेवलं आहे जी?” रजनी आपटते आहे. त्याने पुन्हा विचारलं. रजनी आपटते आहे. तो रागाने गेला, जाताना आमचा कॅटरर बंडूभाऊ याला दोन शब्द सुनावून गेला, आणि बंडूभाऊने मला चार.

बऱ्याच वेळाने कणीक झाली. रजनीने हात धुतले, पदराला पुसले आणि मंडपात गेली. स्टेजवर घरच्यांचे फोटो चालले होते. नवरा-नवरी, आईवडील, मागे काका. रजनी सरळ स्टेजवर चढली, कॅमेऱ्यासमोरून गेली आणि काकांना म्हणाली, “माठ तिकडं कोपऱ्यात आहे जी.”

फोटोत ती आली आहे. काकांचं तोंड उघडं आहे.

*

गीताबद्दल तक्रार करणारं माणूस तुम्हाला सापडणार नाही. गीता सगळ्यांना ‘हो’ म्हणते. आता यात वाईट काय, असं मलाही वाटायचं.

थंडीचे दिवस, सकाळची वेळ. विमल म्हणाली, “गीता, जाळ वाढव, रोटी पांढरी राहून राहिली.” गीता म्हणाली, “हो.” मागून रजनी, तेव्हा तिचं आपटणं संपलेलं होतं म्हणून बोलली, “गीता, जाळ कमी कर, कडा करपून राहिल्या.” गीता म्हणाली, “हो.” मी दुरून ओरडले, “गीता, जाळ आहे तसा राहू दे.” गीता म्हणाली, “हो मावशी.”

मग तिने एका बाजूची लाकडं ओढून घेतली, दुसऱ्या बाजूला नवी घातली आणि मधल्यांना हात लावला नाही. तिघींचं ऐकलं. मटका अर्धा लाल, अर्धा काळा. विमलने रोटी टाकली, ती थंड बाजूवर पडली, गरम बाजूवर पाण्याचा हात लागला, आणि मटका मधोमध उकलला, सीताफळासारखा.

“अवं, तिघीजणी तीन गोष्टी सांगून राहिल्या, तं बोलायचं न की जमत नाही म्हणून!” मी म्हणाले.

गीता म्हणाली, “हो.”

*

बुटीबोरीला एका कंपनीत जेवणाचं काम होतं. आम्ही लवकर पोचलो. जेवणाआधी हॉलमध्ये त्यांच्या लोकांचं ट्रेनिंग चाललं होतं. कोट घातलेला एक ट्रेनर सांगत होता की माणसं वेगवेगळ्या पद्धतीने काम करतात, एकमेकांची पद्धत समजून घ्या, मग टीम बनते. मध्येच तो बाहेर आला, आमची चूल बघून खूश झाला आणि म्हणाला, “मावशी, खरी टीम तर ही आहे! पाच मिनिटं आत येता का?”

मी म्हटलं चला, बसायला तरी मिळेल.

आत त्याच्याकडे चार रंगांच्या टोप्या. बोलणारी माणसं पिवळी, विचार करणारी निळी, जुळवून घेणारी हिरवी, हुकूम सोडणारी लाल. विमलला बघताक्षणी पिवळी दिली. मला लाल. गीताला विचारलं, “तुम्हाला कोणती आवडेल?” ती म्हणाली, “तुम्ही द्याल ती.” त्याने हिरवी तिच्या डोक्यावर ठेवली आणि टाळ्या घेतल्या. रजनी काही बोलेना, म्हणून तिला टोपीऐवजी एक फॉर्म दिला. दहा प्रश्न. रजनी शिकलेली आहे, वाचू लागली.

ट्रेनरने विमलला विचारलं, “समजा तुम्ही सहकाऱ्याला काही विचारलं आणि त्याने उत्तर दिलं नाही, तर काय कराल?”

“अजून जोरानं विचारीन.”

“आणि तरीही दिलं नाही तर?”

“हॉटेलात जाईन.”

हॉल हसला. मी हसले नाही.

पुढे जेवणं झाली. ट्रेनर चौथी रोटी खात होता, तेव्हा रजनी त्याच्या टेबलापाशी गेली आणि फॉर्म पुढे ठेवला. तो म्हणाला, “अहो ताई, सेशन केव्हाच संपलं.”

रजनी म्हणाली, “तुम्ही विचारलं होतं न.”

त्याने फॉर्म वाचला आणि कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे दिला. शेवटचा प्रश्न होता, ‘तुमच्या सहकाऱ्यांना तुमच्याबद्दल काय माहीत असायला हवं?’ त्याखाली रजनीने सुबक अक्षरात एकच ओळ लिहिली होती. ‘मोजत असताना बोलू नये.’

टेम्पोत मी तिला धरलं. “काय मोजतेस वं तू?”

“आपटणं. तीनशे लागतात. उन्हाळ्यात वीस जास्त. माझ्या मायनं शिकवलं.”

“आणि मध्ये कोणी बोललं तं?”

“चुकते. मग पहिल्यापासून.”

म्हणजे विमलने चार वेळा विचारलं की कणीक चार वेळा पहिल्यापासून! इतकी वर्षं आम्ही पाहुण्यांना ताटकळत ठेवलं ते यासाठी. मी कपाळावर हात मारला. “आजपर्यंत सांगितलं काहून नाही?”

रजनी म्हणाली, “मले कोणी विचारलंच नाही. सगळ्या कणकीचंच विचारतात.”

मला वाटलं, झालं, भांडण मिटलं. विमल पुढच्या सीटवरून सगळं ऐकत होती. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “त्यात मोजायचं काय एवढं? हाताले कळते.”

*

तेव्हा माझंही डोकं फिरलं. रामटेकजवळ एक बारसं होतं, पन्नासेक पाहुणे, ओळखीचं घर. मी जाहीर केलं, “आज विमल कणीक आपटेल आणि रजनी रोटी झुलवेल. ज्याले हे मंजूर नाही त्यानं पायी नागपूरले जावं.”

विमल आपटायला बसली. मोठ्याने मोजायची, म्हणजे मला कळावं. “एक, दोन, तीन…” साठपर्यंत ठीक चाललं. “एकसष्ट, बासष्ट, अवं गीता, त्या बाईच्या पैठणीचा रंग पाह्य, त्रेचाळीस, चव्वेचाळीस…” मी काही बोलले नाही. पुढे ती शंभरावर गेली, पाळण्यातलं पोर रडलं, ही म्हणाली, “भूक लागली असेल बाप्पा त्याले,” आणि सत्तरवर आली. तिचे तीनशे कधी भरले ते परमेश्वराला ठाऊक असेल तर असेल. कणीक मात्र सैलही नव्हती आणि चिवटही नव्हती.

इकडे रजनी मटक्यासमोर. तिने रोटी अशी झुलवली, जशी काय मोजमाप घेऊन. लांब, एकसारखी, कुठे एक सुरकुती नाही. एक रोटी व्हायला इतका वेळ लागला की पहिल्या पंगतीतल्या आजोबांनी नुसता रस्सा पिऊन हात धुतले. मग कणीक संपली. रजनी रिकाम्या हाताने उभी. समोर मटका तापून लाल, तोंडावर झळ, पलीकडून लोक विचारतायत, “रोटी आहे का जी? रोटी?” आणि मागे काय चाललं आहे ते मटक्यासमोर उभ्या बाईला दिसत नाही.

मी बघत होते. रजनीने एकदा झळ पुसली. दोनदा पुसली. मग मान न वळवता तिने विचारलं, “कणीक झाली का?”

विमल मोजत होती. उत्तर नाही.

“विमल, झाली का?”

विमल खाली बघून पुटपुटली, “गेली पुन्हा…” आणि पहिल्यापासून सुरू केलं.

परतीला टेम्पोत बसलो. मी म्हटलं, आता तरी विमल म्हणेल की राहते. तिने घरापाशी उतरताना एवढंच सांगितलं, “हॉटेलवाल्याले मी शेवटच्या लग्नाच्या दिवशी उत्तर देणार आहे. तो दुपारी फोन करीन.”

*

शेवटचं लग्न मे महिन्यातलं, भर दुपारचं, एका लॉनवर. ऊन असं की चूल कोणती आणि हवा कोणती ते कळत नव्हतं. विमल आली ती गळ्याला ओला रुमाल बांधून. मी म्हटलं, “काय झालं?” तिने तोंड उघडलं, आवाजच नाही. घसा पार बसलेला. डॉक्टरची चिठ्ठी दाखवली. आठ दिवस बोलणं बंद.

विमल आणि बिनबोलण्याची!

पहिली रोटी फाटली. मी जवळ जाऊन म्हणाले, “मनातल्या मनात भांड.” तिने मान हलवली. दुसरी फाटली. तिसरी फाटली. मनातलाही घसा बसला असावा. गेटवर वरातीचा बँड वाजायला लागला, बंडूभाऊ धावत आला, “मावशी, पहिली पंगत बसून राहिली गा!” घाबरला की तो बायकांनाही ‘गा’ म्हणतो. चौथी फाटली.

मागे रजनीचं आपटणं चाललं होतं, धप, धप, धप. आणि त्या धपधपीतून कोणीतरी बोललं.

“आमच्या शेजारच्या बाईनं कूलर घेतला.”

मी वळून पाहिलं. रजनी. मान खाली, हात कणकीत, नोटीस वाचावी तसा आवाज.

“निळा आहे. पाणी गळते त्याचं. सगळं आमच्या अंगणात येते. मी तिले काही म्हटलं नाही. म्हणायले पाहिजे होतं.”

विमलचा हात वर गेला. रोटी कोपरापर्यंत आली आणि मटक्यावर पसरली, अखंड.

“माही नणंद आली आहे,” रजनी म्हणाली. “तीन दिवस राहते म्हणाली. अकरावा दिवस चालू आहे. चहात साखर कमी आहे म्हणते. भांडं मात्र उचलत नाही.”

विमलचे खांदे हसण्याने हलत होते आणि रोट्या उतरत होत्या. रजनी बोलत राहिली. नणंद, नणंदेचा दीर, रेशनच्या रांगेत पुढे घुसलेली बाई, इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं एकाच सुरात. मी गीताला कोपर मारलं, “ऐकून राहिली का?” गीता म्हणाली, “हो.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की रजनी बोलते आहे, तर कणकीचं काय? मी ओरडणारच होते. तेवढ्यात विमलने कणकीचा एक ठिपका आपल्यापुढच्या परातीच्या काठावर लावला. तिचा डावा पाय धपधपीबरोबर खाली-वर होत होता. थोड्या वेळाने दुसरा ठिपका. बऱ्याच वेळाने तिसरा, आणि त्याच्या शेजारी एक अगदी लहानसा, उन्हाळ्याच्या जास्तीच्या विसांसाठी.

रजनीने नणंदेला मध्येच सोडून विचारलं, “झाली का कणीक, विमल?”

विमलने मान डोलावली. रजनीने परात पुढे सरकवली, दुसरी जवळ ओढली आणि म्हणाली, “तं मग नणंदेनं माझ्या पेटीतली साडी काढली.”

दुसऱ्या परातीचे दोन ठिपके झाले होते, तेव्हा पिठाच्या पोत्यावर ठेवलेला विमलचा फोन वाजला. विमलच्या हातावर रोटी. रजनीचे हात कोपरापर्यंत कणकीत. मी पोचेपर्यंत फोन गीताने उचलला होता.

“हो जी… हो… हो, विमलबाईचाच… हो, येतील न…”

“गीता, हो नको म्हणू!” मी ओरडले. गीता म्हणाली, “हो.”

रजनी म्हणाली, “फोन इकडं आण.” गीताने फोन तिच्या कानाला लावून धरला. आपटणं थांबलं नाही.

“बोला जी,” धप, “तिचा घसा बसला,” धप, “जवळच आहे,” धप, “थांबा, विचारते.” तिने मान वर करून विमलकडे पाहिलं. मला विमलची फक्त पाठ दिसत होती. रजनी फोनमध्ये म्हणाली, “नाही म्हणते ती… काहून ते मले नाही माहीत. ठेवते जी.”

मी विमलच्या मागे जाऊन उभी राहिले. “विमल, खरंच नाही म्हणाली का वं?”

विमल काही नाही. पाय खाली-वर.

“अवं, बोलता येत नाही तं मान तरी हलव. राहतेस का?”

काही नाही. हातावर रोटी झुलते आहे, नजर मटक्यावर.

“विमल! मी तुले विचारून राहिली न!”

मागून रजनीचा आवाज आला.

“मावशी, चूप राह्य. ती मोजून राहिली.”